किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर वेताळ

बालदोस्तांनो, मुंबईला गेलात तर काय काय बघाल? गेटवे ऑफ इंडिया, राणीच्या बागेतले पेंग्विन, चौपाटीवरची भेळ. हे सगळं बघाच. पण आज मी तुम्हाला माटुंग्याच्या एका फुटपाथवर नेणार आहे. तिथे मी 2019च्या मे महिन्यात माझ्या मामाबरोबर गेले होते आणि जाताना माझ्या पोटात चांगलाच गोळा आला होता. का, ते पुढे सांगते.

आधी मामाची ओळख करून देते. मामा ठाण्याला राहतो. लहानपणी त्याला कॉमिक्सचं भयंकर वेड होतं. त्या काळी 'इंद्रजाल कॉमिक्स' निघायची. मार्च 1964 मध्ये बोरीबंदरसमोरच्या टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीने ती सुरू केली. पहिल्याच अंकात होता वेताळ! चेहऱ्यावर मुखवटा, बोटात कवटीची अंगठी आणि राहायला कवटीची गुहा. मूळचा हा 'फँटम', ली फॉक नावाच्या अमेरिकन लेखकाने 1936 साली जन्माला घातलेला. त्याचं जंगल मूळ गोष्टीत 'बंगाला' नावाच्या देशात होतं. आपल्या मुलांना ते बंगालच वाटायचं, म्हणून इथे त्याचं 'डेंकाली' केलं. मामा तर भूगोलाच्या नकाशात डेंकाली शोधत बसायचा आणि गुरुजींचा मार खायचा.

मामाची अंकांवर खूण कशी, माहीत आहे? बटाटा अर्धा कापायचा, त्यावर चाकूने कवटी कोरायची आणि जांभळ्या शाईत बुडवून प्रत्येक अंकाच्या तिसऱ्या पानावर ठसा उमटवायचा. असे एकशे चाळीस अंक त्याने एका पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवले होते.

वेड नुसतं वाचण्याचं नव्हतं बरं का! मामा वेताळाला क्रिकेटही खेळवायचा. वहीत दोन संघ लिहायचे. एका संघाचा कप्तान वेताळ, दुसऱ्याचा जादूगार मँड्रेक. मग रेल्वेचं जाडजूड वेळापत्रक घ्यायचं आणि डोळे मिटून उघडायचं. डावीकडच्या पानाचा आकडा नेहमी सम असतो. त्याचा शेवटचा अंक 2, 4 किंवा 6 आला तर तेवढ्या धावा, 8 आला तर एक धाव आणि 0 आला की दांडी गुल! आता गणित करा. पाच चेंडूंत पाचही अंक एकेकदा आले असं धरलं, तर 2, 4, 6 आणि 1 मिळून 13 धावा आणि एक विकेट. म्हणजे दहा विकेट्सना 130 धावा. माझ्या वर्गातल्या मुलांनी हे करून बघितलं, तर बहुतेक संघ या आकड्याच्या आसपासच फिरले. मामाचा वेताळ मात्र दर सामन्यात एकटाच शतक ठोकायचा! पुढे कळलं, की वेळापत्रकाचं 46वं पान मामा आधीच दाबून ठेवत असे.

असे मनातले संघ खेळवणारे जगभर आहेत. 1980 साली न्यूयॉर्कमधल्या काही मित्रांनी खऱ्या बेसबॉल खेळाडूंचे आपापले कागदी संघ बनवले आणि खऱ्या सामन्यांतल्या आकड्यांवर त्यांची स्पर्धा लावली. ज्या हॉटेलात ते जेवायला जमत, त्याचंच नाव खेळाला पडलं, 'रोटिसरी'. पुढे हा खेळ मोबाइलवर आला आणि त्यात पैसे शिरले. आपल्याकडे 2025 साली पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा झाला. मामाच्या खेळात पैसे नव्हते, लबाडी तेवढी होती.

शिवाय मामा आणि त्याचे चार मित्र स्वतःचं कॉमिक काढत. एकाने गोष्ट रचायची, दुसऱ्याने चित्रं काढायची. मेणाच्या स्टेन्सिलवर टोकदार लेखणीने कोरायचं आणि कुणाच्या तरी वडिलांच्या ऑफिसात सायक्लोस्टाइल मशीनवर वीस प्रती काढायच्या. शाई इतकी पसरायची, की नायक कोण आणि खलनायक कोण ते कळत नसे! आताची मुलं हेच झेरॉक्सवर करू शकतात. ए-फोर आकाराचे दोन कागद जोडायचे, चार चौकटी आखायच्या, गावातली एक गोष्ट काढायची आणि प्रती भिंतींवर चिकटवायच्या. दिल्लीचे शरद शर्मा आणि त्यांची 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया' ही संस्था गावोगावी असं शिकवत आली आहे. आमच्या चौथीच्या वर्गाने शाळेच्या गळक्या टाकीवर असं कॉमिक काढलं. टाकी अजून गळतेच आहे, पण ग्रामपंचायतीतली माणसं ते वाचायला थांबली होती.

आता पोटातल्या गोळ्याबद्दल. मी दहा वर्षांची असताना सुट्टीत आजोळी गेले होते. घरात कुणी नव्हतं, दारात रद्दीवाला आला. मला कुल्फी हवी होती. मी ट्रंक उघडली. वजन भरलं आठ किलो, तीन रुपये किलोने मिळाले चोवीस रुपये. आजीला कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला आणि मामाला सांगितलं, "वाळवी लागली होती रे, मीच टाकून दिलं सगळं." मामा दोन दिवस जेवला नाही म्हणे. मी गप्प राहिले. तेवीस वर्षं गप्प राहिले.

तर त्या मे महिन्यात मामा म्हणाला, "चल, माटुंग्याला जुनी पुस्तकं बघू." माटुंग्याला फास्ट लोकल थांबत नाही, म्हणून स्लो धरायची. पूर्वेला उतरलं की मोगऱ्याच्या गजऱ्यांचा आणि फिल्टर कॉफीचा वास एकदमच येतो. स्टेशनजवळच 1942 पासूनची रामा नायक यांची उडुपी खाणावळ आहे, तिथे केळीच्या पानावर जेवण मिळतं. मामाचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही रमतगमत किंग्ज सर्कलला पोचलो. मध्ये गोल बाग, तिचं नाव महेश्वरी उद्यान. आणि फुटपाथवर माणसाच्या उंचीचे पुस्तकांचे ढीग! आसपास व्हीजेटीआय, रुईया, पोदार, खालसा अशी कॉलेजं, त्यामुळे निम्मे ढीग इंजिनीअरिंगचे आणि हिशेबाचे. विक्रेत्यांची मात्र कमाल! ढिगातलं मधलं पुस्तक ते असं ओढतात, की वरचं एकही हलत नाही.

"मराठी इंद्रजाल आहेत का?" मामाने विचारलं.

"इंद्रजाल? ते 1990ला बंद झालं, काका," विक्रेता म्हणाला. "आता लोक सोनं असल्यासारखं घेतात." तरी त्याने फळीखालून एक प्लास्टिकची पिशवी काढली. इंग्रजी सात आणि मराठी फक्त एक. मराठीवर बहादूर होता. भगवा कुर्ता आणि जीन घालून दरोडेखोरांशी लढणारा आपल्या मातीतला नायक, आबिद सुरती यांनी 1976 मध्ये उभा केलेला. (हेच सुरती पुढे मिरा रोडला दर रविवारी प्लंबर घेऊन घरोघरी गळके नळ फुकट दुरुस्त करत फिरायचे. त्यांना आमची टाकी दाखवायला हवी होती!)

मामाने थरथरत्या हाताने तिसरं पान उघडलं. कवटी नव्हती. वेड्यावाकड्या अक्षरात भलत्याच मुलाचं नाव होतं आणि खाली, 'वाचून परत करणे.'

मामाचा चेहरा बघवेना. तिथेच फुटपाथवर मी सगळं सांगून टाकलं. ट्रंक, कुल्फी, आजीची वाळवी. मामा बराच वेळ बागेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "किती मिळाले?"

"चोवीस रुपये."

"फसवलं गं त्याने तुला."

साडेतीनशे रुपये देऊन तो अंक मी घेतला. परतीच्या लोकलमध्ये मामा एक अक्षर बोलला नाही, अंकही उघडला नाही. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातून बटाटा आणला, जांभळी शाई काढली. मामाने बटाटा बाजूला सारला. "हा त्या पोराचा आहे," तो म्हणाला. "नाव लिहिलंय ना त्याने."

मग त्याने कपाटातून ते जुनं वेळापत्रक काढलं आणि माझ्यापुढे टाकलं. "बस. मँड्रेकची बॅटिंग तुझी."

पहिल्याच चेंडूला माझी विकेट गेली. मामाच्या पहिल्या चेंडूला 46वं पान उघडलं.