पाय ४० टक्के, रोजी किती?
आमच्या वस्तीतल्या ३२ वर्षांच्या बिगाऱ्याला कारने उडवलं. दाखल्यावर पाय ४० टक्के निकामी. विमा कंपनीचा वकील म्हणतो, कमाईही तेवढीच बुडाली! मित्रांनो, हे खुर्चीवर बसणाऱ्याचं गणित. पाटी घेऊन शिडी चढणाऱ्याची रोजी पूर्ण जाते. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय: दाखल्याची टक्केवारी म्हणजे कमाईचं नुकसान नव्हे, माणूस काय काम करायचा ते बघा. महिना १०,००० धरा, प्रणय सेठी निकालाप्रमाणे भविष्यातली ४० टक्के वाढ, १६ चा गुणक: २६,८८,०००. वकिलाच्या हिशेबाने १०,७५,२००. अंगमेहनत पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या वाट्याला आली, हे ठाऊक असलेल्याला या फरकात जात दिसेलच. आता उत्पन्नाचा पुरावा हवा. मुकादम साक्षीला तयार आहे. हजेरीची वही मात्र त्याने कधी ठेवलीच नाही.