जमेची बाजू

बदलीच्या गावी राहणाऱ्या माणसाला हिशोबाची सवय नकळत लागते. सामान किती पेट्यांत मावले, मुलांचे दाखले कोठे ठेवले, भत्त्याचे बिल मंजूर झाले की नाही, हे सारे त्याला तोंडपाठ असते. परंतु हे हिशोब एकेरी. काय आले आणि काय गेले एवढेच ते सांगतात. आमच्या सरकारी हिशोबाचा पिंडही बव्हंशी असाच आहे. ३१ मार्चपर्यंत रोखीने जे आले ते आले, जे गेले ते गेले. राहिलेले देणे ज्या वर्षी चुकते होईल त्या वर्षीच्या खर्चात पडते. या शिस्तीत तीस वर्षे काढलेल्या माझ्या घरात यंदा द्विनोंदी पद्धतीने पाऊल टाकले, ते माझ्या कन्येच्या पुस्तकातून.

ती येथे जबलपुरात वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला आहे. तेरजेला ती ‘तलपट’ म्हणते आणि ताळेबंदाला ‘चिट्ठा’. संध्याकाळी ती शिकते आणि मी शब्द बदलून देतो: रोजकीर्द, खतावणी, तेरीज, घसारा. हे शब्द माझ्या वडिलांच्या तोंडचे. वाईच्या पेठेत ते एका दुकानाच्या वह्या लिहीत. परमुलखात मराठी जपायची ती पोथ्यांतून आणि नाटकांतून, असे आपण समजतो. मला मात्र ‘घसारा’ या एका शब्दात झिजलेला उंबरठा दिसतो. ‘मूल्यह्रासा’त तो दिसत नाही.

या विद्येचा पहिला प्रसिद्ध छापील ग्रंथ व्हेनिसमध्ये १४९४ साली निघाला. लुका पाचोली या ख्रिस्ती संन्याशाने आपल्या गणितग्रंथात तिला एक प्रकरण दिले. ती त्याने शोधून काढली नव्हती. जेनोआच्या नगरसभेच्या १३४० सालच्या वह्यांतही ती आढळते. तिचे सूत्र मोठे साधे आहे: घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याचे जमा. कोणालाही काही मिळाले, तर ते कोठून तरी आलेलेच असते आणि दोन्ही ठिकाणी ते लिहावयाचे असते.

समजा, एखाद्याने स्वतःचे ५०,००० रुपये आणि कर्जाचे २०,००० रुपये घेऊन दुकान मांडले. मालमत्ता ७०,०००, समोर देणे २०,००० आणि भांडवल ५०,०००. त्याने रोखीने ३०,००० ची कपाटे घेतली, तरी बेरीज ७०,००० च राहते. रोकड घटली, कपाटे आली. वर्षअखेर कपाटांवर दहा टक्के घसारा धरला की कपाटे २७,००० ची होतात आणि भांडवल, दुसरा नफातोटा नसेल तर, ४७,००० वर येते. कोणी एक पैसाही उचलला नाही, तरी मालक ३,००० नी उणा झाला. वापराची झीज अशी बिनबोभाट मालकाच्या अंगावर येते.

या शास्त्राला आपल्या मर्यादाही ठाऊक आहेत. पैशात मोजता येईल तेवढेच ते वहीत घेते. शिवाय तेरीज जुळली म्हणजे हिशोब निर्दोष, असेही नव्हे. एखादा व्यवहार दोन्ही बाजूंना मुळीच लिहिला नसेल, तर तेरीज खुशाल जुळते! “बाबा, मग गाळलेली नोंद सापडायची कशी?” कन्येने विचारले. मी म्हटले, “ज्याला तो व्यवहार ठाऊक आहे, त्यानेच ती सांगायची.”

असा एक व्यवहार मला ठाऊक आहे. वडील अखेरची सहा वर्षे अंथरुणाला खिळून होते. आईची दृष्टी गेली होती. मी दरमहा पैसे पाठवीत असे आणि त्यांची नोंद मनीऑर्डरच्या पावत्यांवर आहे. माझा धाकटा भाऊ आणि त्याची पत्नी रात्री उठत, कूस बदलून देत, अंथरूण धूत. त्याची पावती कोणी देत नाही. आता आईही गेली. भावाने लिहिले आहे, “दादा, घर विकून दोन वाटे करू.” कायद्याने निम्मा वाटा माझा आहे. दोन वर्षांनी सरकारी निवासस्थान सोडावे लागेल आणि आमच्या नावावर दुसरे छप्पर नाही.

पत्नीपाशी विषय काढला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “अहो, निवृत्तीनंतर आपण राहायचे कोठे?” प्रश्न रास्त होता. निवृत्तीवेतनातून भाड्याच्या दोन खोल्या मिळतील, पुढे कन्येचे शिक्षण आहे, एवढेच मी सांगू शकलो. तीही शेवटी म्हणाली, “भाऊजींना लिहा. घर त्यांचेच.”

वाचकहो, आपणा बदलीच्या माणसांपैकी बहुतेकांच्या गावी असे कोणीतरी मागे राहिलेले असते आणि त्याच्या राहण्यावर आपल्या बदल्या सुखरूप पार पडतात. हक्कसोडपत्राचा मसुदा मी मागविला आहे. माझ्या वाट्याने भावाच्या रात्री फिटत नाहीत. त्यांचा दर कोणत्याच पुस्तकात नाही. पण घेणाऱ्याच्या नावे आणि देणाऱ्याचे जमा, एवढे तरी नोंदणी कार्यालयाच्या कागदावर चढेल. येत्या रजेत वाईला जाऊन मी त्यावर सही करणार आहे.