आईच्या कानामागचं मशीन

केसांत लपावा असा त्याचा राखाडी रंग. आईच्या कानामागे बसलं की पातळ तार तेवढी दिसते. पण घरात त्याच्याइतकं जागं कुणी नसतं. फ्रिजची घरघर, पेपरची घडी, ओट्यावर पडलेला चमचा, जे कानाशी येईल ते सगळं ते आत पोचवतं. सुरुवातीला आई स्वयंपाकघरातून त्रासून बाहेर यायची, "अगं, भांडी किती वाजतात!" स्वतःचा आवाज तिला रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा वाटायचा.

वयाबरोबर आधी जातात ते बारीक, वरच्या पट्टीतले आवाज. स्वर ऐकू येत राहतात. स, श, फ, त मात्र गळतात. म्हणून माणसं म्हणतात, ऐकू येतं पण कळत नाही. ही गळती वर्षानुवर्षं चाललेली असते आणि मेंदू तिला सरावतो. मशीन गळलेलं परत आणतं. त्यातलं काय घ्यायचं, काय सोडायचं हे मेंदूला नव्यानं शिकावं लागतं. त्याला आठवडे लागतात, कधी महिने. ऑडिओलॉजिस्टही म्हणूनच पुष्कळदा आधी आवाज बेताचा ठेवतात, मग वाढवत नेतात. कुणाच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं मशीन पाहिलं की मला फार वाईट वाटतं. त्याला पुरता वेळच मिळालेला नसतो.

ते जगतं हवेवर. ३१२ नंबरच्या सेलवरची तपकिरी पट्टी सोलली की बारीक छिद्रांतून प्राणवायू आत शिरतो आणि जस्ताशी मिळून वीज तयार होते. पट्टी काढून मिनिटभर थांबावं, मगच सेल बसवावा. घाम आणि पावसाळी दमट हवा त्याला सोसत नाही; रात्री सेलचं दार उघडं ठेवून ते ओल शोषणाऱ्या गोळ्यांच्या डबीत झोपतं. नातू गळ्यात पडला की शिट्टी मारतं, कारण कानातून निसटलेला आवाज त्याचा माईक पुन्हा पकडतो. नातवाला ती शिट्टी फार आवडते.

घराणं मोठं आहे त्याचं. ट्रान्झिस्टर रेडिओत येण्याआधी, १९५२ च्या अखेरीस, कानाच्या मशीनमध्ये आला. सदऱ्याच्या खिशातली डबी आणि तिथून कानापर्यंत गेलेली वायर, तेही याचेच पूर्वज.

लग्नाच्या कार्यालयात मात्र ते थकतं. वाजंत्री, पंगत, शंभर तोंडं, यातून एक आवाज निवडणं त्याला अजून नीट जमत नाही. तिथे आई मला समोरच्या खुर्चीत बसवते. "ओरडू नकोस," म्हणते, "सावकाश बोल, आणि तोंडावरचा हात काढ."