प्रबंधकर्त्याचा पत्ता

चंदीगडला लागूनच, शिवालिकच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मुल्लानपूर गरीबदास हे गाव आहे. तेथील शेते मागे सरून आता नवे नगर उभे राहत आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरचे होमी भाभा कर्करोग रुग्णालयही २०२२पासून तेथे आहे. अशा गावी येऊन राहिलेल्या मराठी अभ्यासकास नामदेवांची आठवण व्हावी हे स्वाभाविकच होय. घुमान याच पंजाबात आहे, आणि ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१५ साली तेथेच भरले होते. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्या पदांचा कर्ता आणि मराठी अभंगांचा कर्ता एकच की भिन्न, हा वाद जुना आहे. या वादात उतरू पाहणाऱ्यास लवकरच कळून चुकते की बरीचशी सामग्री छापील ग्रंथांत नसून विद्यापीठांच्या कपाटांतील टंकलिखित प्रबंधांत आहे.

मुल्लानपुराहून पंजाब विद्यापीठ दूर नाही. १८८२ साली लाहोरास स्थापन झालेली ही संस्था फाळणीनंतर चंदीगडास स्थिरावली. पतियाळा आणि अमृतसर येथील विद्यापीठे पुढे अनुक्रमे १९६२ व १९६९ साली निघाली. इकडचे प्रबंध गुरुमुखीत किंवा हिंदीत, तर पुणे, मुंबई, नागपूर येथील मराठीत. ज्याला गुरुमुखी वाचता येत नाही आणि ज्याला मराठी कळत नाही, अशा दोन अभ्यासकांनी एकाच संताविषयी आयुष्य वेचूनही परस्परांचे श्रम त्यांच्या दृष्टीस पडत नाहीत.

प्रबंधाचे नाव शोधणे आता तितकेसे अवघड राहिलेले नाही. भारतीय विद्यापीठ संघाच्या सूची आहेत. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचे ‘शोधगंगा’ हे भांडार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले, तेव्हापासूनचे पुष्कळ प्रबंध घरबसल्या वाचता येतात. त्यापूर्वीचे मात्र ज्या ग्रंथालयाने मनावर घेतले त्याचेच दिसतात. या संदर्भात कोलंबिया विद्यापीठाचा जुना शिरस्ता आठवतो. प्रबंधाच्या छापील प्रती हाती आल्यावाचून ते पदवी देत नसे, म्हणूनच डॉ. आंबेडकरांचा प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने निघाला आणि पदवी १९२७ साली पदरात पडली. गरीब विद्यार्थ्यावर ही अट जाचकच, पण तिच्यामुळे प्रबंध जगाला मिळाला हेही खरे.

खरी अडचण पुढेच आहे. प्रबंध सापडतो, कर्ता सापडत नाही. मुखपृष्ठावरचे नाव माहेरचे असते आणि बाई पुढे सासरच्या नावाने कोठेतरी निवृत्त झालेल्या असतात. अशा वेळी सूचीपेक्षा ऋणनिर्देश अधिक बोलतो. घाईत वाचणारे हे पान ओलांडून जातात. कोणत्या महाविद्यालयाने रजा दिली, टंकलेखन कोणी केले, कोणत्या गावच्या कीर्तनकाराने चोपडी उसनी दिली, हे सारे तेथे असते. मार्गदर्शक हयात नसले तर त्यांचे दुसरे विद्यार्थी, महाविद्यालयाचा जुना वार्षिक अंक, गौरवग्रंथाची लेखकसूची असा माग काढीत जावे लागते. विभागाकडे पत्ता मागू नये; आपले पत्र पुढे पाठवण्याची विनंती करावी. निवृत्त माणसाचा पत्ता ही विभागाने वाटण्याची वस्तू नव्हे.

इतके कष्ट कशासाठी, असे कोणी विचारील. एक तर लेखनाचा हक्क सामान्यतः कर्त्याचाच असतो. १९५७च्या कायद्यान्वये तो हल्ली कर्त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो, आणि मोठा उतारा घ्यायचा तर विचारावे लागते. दुसरे कारण अधिक निकडीचे. प्रबंधात आले ते गोळा केलेल्याच्या मानाने थोडे असते. छिंबा समाजातील वृद्धांकडून टिपलेली पदे, गाताना बदललेले पाठ, ध्वनिफिती हे सारे कर्त्याच्या घरी राहते, आणि कर्ता गेल्यावर घर आवरताना बहुधा पहिल्यांदा रद्दीत जाते.

म्हणून पहिल्या पत्रात प्रत मागू नये, प्रशंसाही बेतानेच करावी. पृष्ठक्रमांक देऊन एकच प्रश्न विचारावा: हा पाठ आपणांस कोठे मिळाला? मुल्लानपूरच्या टपालपेटीत असे पत्र पडते तेव्हा बाडे अद्याप माळ्यावर असतील की नाहीत, हे पाठवणाऱ्यास ठाऊक नसते. उत्तर कर्त्याच्या हस्ताक्षरात येते, कधी मुलाच्या. मुलाचे असेल तर दुसऱ्याच दिवशी गाडी पकडावी.