चितारओळीतला रेग्युलेटर

आपल्या घरात कशाला ना कशाला लगाम घालणाऱ्या तीन वस्तू असतात. पंख्याचा रेग्युलेटर, गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर आणि कुकरची शिट्टी. तिन्ही रोज हाताखालून जातात, पण तिघांचे स्वभाव अगदी वेगळे.

पंख्याच्या रेग्युलेटरला पंखा किती वेगाने फिरतोय याची काही खबर नसते. आपण ३ वर ठेवला की तो ३ वर. व्होल्टेज घसरलं, पंखा रखडला, तरी साहेब ३ वरच. गॅसचा रेग्युलेटर हुशार. सिलिंडरमधला दाब मे महिन्यात चढतो, डिसेंबरात उतरतो, पण शेगडीला मिळणारा गॅस जवळपास एकसारखा. कारण तो बाहेर जाणाऱ्या दाबावर सतत नजर ठेवून असतो. आणि शिट्टी? तिला मधल्या कशाशी घेणंदेणं नाही. दाब हद्दीबाहेर गेला की बोंब मारायची, बस्स.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे चितारओळ. नागपूरबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो, महाल-गांधीबागेच्या बाजूला मूर्तिकारांची ही जुनी वस्ती आहे. पावसाळ्यात तिथून चालत गेलात तर दोन्ही बाजूंना मातीचे गणपती ओळीने वाळत बसलेले दिसतात. माझा एक शाळेतला दोस्त तिथलाच. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून तो वडिलांच्या हाताखाली परत आला, आणि आल्या आल्या त्याने एक छोटा कॉम्प्रेसर घेतला. एक हॉर्सपॉवर, पन्नास लिटरची टाकी. बेस कोट आणि पितांबराचं शेडिंग गनने करायचं, बाकी सगळं ब्रशने. काकांना हे फारसं रुचलेलं नव्हतं, पण पोराने नोकरी सोडलीये म्हटल्यावर गप्प बसले.

जुलैत त्याचा फोन आला. "अबे, इंजिनीअर आहेस ना तू? मग सांग, ह्या गनमधून पाणी काहून येऊन राहिलं?"

मी सॉफ्टवेअरवाला आहे हे त्याला माहीत आहे. पण आपल्याकडे इंजिनीअर म्हणजे इंजिनीअर, फ्रीजपासून रॉकेटपर्यंत सगळं त्यालाच विचारायचं :) शनिवारी गेलो.

त्याच्या दोन तक्रारी होत्या. पहिली म्हणजे ट्रिगर दाबला की सुरुवातीला रंग भसकन यायचा आणि मग नीट व्हायचा. दुसरी म्हणजे दुपारनंतर रंगात पाण्याचे थेंब. कच्च्या मातीवर पाण्याचा थेंब पडला की डाग पडतो, आणि डागाळलेली मूर्ती कुणी घरी नेत नाही. बुकिंग चाळीसेक मूर्तींचं. त्यात नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे पोरांचे लाकडी नंदी रंगवायचे, आणि त्यानंतर तीनच दिवसांनी गणपती! दोन्ही डेडलाइन एकाच आठवड्यात. आपल्या रिलीजची तारीख निदान पुढे तरी ढकलता येते. चतुर्थी कोण ढकलणार? यंदा डाग पडले तर पुढच्या वर्षी पुन्हा नोकरी, असं त्याने मनाशी ठरवूनच ठेवलं होतं.

पहिली तक्रार बघू या. कॉम्प्रेसरला एक प्रेशर स्विच असतो. टाकीत आठ किलो दाब झाला की मोटर बंद, सहावर उतरला की पुन्हा चालू. (आपल्याकडे दाब किलोतच बोलतात. एक किलो म्हणजे साधारण १४ पीएसआय.) म्हणजे टाकीतला दाब दिवसभर सहा ते आठमध्ये हेलकावे खातो. त्याच्या गनला हवे होते दोन-अडीच किलो. त्याने काय केलं होतं, तर टाकीवरचा बॉल व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवला होता.

इथे आपला पंख्याचा रेग्युलेटर आठवा. अर्धा उघडा व्हॉल्व्ह हवा वाहत असते तेव्हाच दाब कमी करतो. ट्रिगर सोडला, प्रवाह थांबला, की नळीतला दाब हळूहळू टाकीइतका चढतो. पुढच्या वेळी ट्रिगर दाबला की आधी आठ किलोचा फटका, मग अडीच. भसकन येणारा रंग तो हाच.

त्याला हवा होता गॅसवाला प्रकार. एअर रेग्युलेटरच्या आत एक स्प्रिंग, एक रबरी पडदा आणि एक छोटा व्हॉल्व्ह असतो. नॉब फिरवला की स्प्रिंग दाबली जाते, ती पडद्याला ढकलते, पडदा व्हॉल्व्ह उघडतो. हवा पलीकडे जाते, तिथला दाब वाढतो आणि पडद्याला उलट ढकलतो. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की व्हॉल्व्ह बंद. ट्रिगर दाबला, पलीकडचा दाब उतरला, की पुन्हा उघड. ना वीज, ना सेन्सर, ना एक ओळ कोड! डिग्रीच्या तिसऱ्या वर्षाला कंट्रोल सिस्टीम्समध्ये फीडबॅक लूपचे चौकोन आणि बाण आपण सगळ्यांनीच काढलेत. तो अख्खा धडा इथे मुठीत मावतो.

आता पाणी. याचं उत्तर नागपूरच्या हवेत आहे. मे महिन्यात इथली हवा पापडासारखी कोरडी असते, पण मे महिन्यात गणपती कोण रंगवतं? रंगाचा सीझन जुलै-ऑगस्टचा, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात दमट हवेचा. थोडं गणित करू या. तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. सात किलोपर्यंत दाबली की तीच हवा १२५ लिटरमध्ये कोंबली जाते. पुन्हा ३० अंशांवर थंड झाल्यावर एवढ्या जागेत जेमतेम चार ग्रॅम वाफ राहू शकते. उरलेले २० ग्रॅम, म्हणजे चहाचे चार चमचे, पाणी होऊन बाहेर पडतात. आणि हे फक्त एका घनमीटरचं. मशीन दिवसभर चालतं. कॉम्प्रेसर बिघडलेला नव्हताच, तो इमानेइतबारे हवा पिळत होता.

म्हणून नुसता रेग्युलेटर न घेता फिल्टर-रेग्युलेटर घ्यायचा, म्हणजे खाली पाणी साठणारी वाटी असलेला. दुकानदार तीन भांड्यांचा एफआरएल सेट दाखवतात. फिल्टर, रेग्युलेटर आणि लुब्रिकेटर. तिसरं भांडं हवेत तेलाचे बारीक थेंब सोडतं. हवेवर चालणाऱ्या पान्याला ते उत्तम, पण रंगाला विष. रंगात तेल गेलं की माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. तेव्हा रंगकामाला दोन भांडीच.

आणखी काय बघायचं? एक, आटे. छोट्या कॉम्प्रेसरला बहुतेक पाव इंच बीएसपी लागतात. अमेरिकन एनपीटी आटे दिसायला तसेच, पण इंचाला १९ ऐवजी १८, आणि कोनही वेगळा. एक-दोन फेरे बसतात आणि मग अडतात. जोर करू नका, निपल बदला. दोन, रेंज. तुम्हाला दोन-अडीच किलो हवे असतील तर शून्य ते दहाच्या रेग्युलेटरपेक्षा शून्य ते चारचा बरा, नॉब बारीक फिरवता येतो. तीन, 'रिलिव्हिंग' आहे का ते विचारा. तसा असेल तर नॉब उलटा फिरवल्यावर नळीतली जास्तीची हवा तो स्वतःच सोडून देतो. चार, वाटी. स्वस्तातली पारदर्शक वाटी पॉलिकार्बोनेटची असते आणि थिनरच्या वाफेने ती तडकू शकते. दाबाखाली तडकली तर तुकडे उडतात. लोखंडी जाळीची किंवा पूर्ण धातूची घ्या. इतवारीत दोन दुकानं फिरून आम्हाला हवा तसा मिळाला, दोन हजारांच्या आत.

जोडणीत खरी गंमत जागेची आहे. सगळे तो टाकीलाच लावतात. पण टाकीतून निघणारी हवा गरम असते. पाणी अजून वाफेतच असतं, फिल्टरमधून आरामात निसटतं आणि पुढे नळीत थंड होऊन थेंब बनतं. म्हणून आम्ही टाकीपासून दहा मीटर नळी भिंतीवरून फिरवली आणि फिल्टर-रेग्युलेटर त्याच्या बसायच्या जागेजवळ लावला. या दहा मीटरमध्ये मात्र टाकीचा पूर्ण दाब असतो, त्यामुळे नळी त्याच्या दुप्पट दाबाची घ्यायची. नळीवर छापलेलं असतं.

बाकी साधं आहे. काम सुरू करण्याआधी मोटर बंद आणि टाकी पूर्ण रिकामी, यात तडजोड नाही. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळायची, पहिला आटा मोकळा सोडून. रेग्युलेटरवरचा बाण गनकडे, वाटी सरळ खाली. मग हवा भरून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. बुडबुडे आले तर पुन्हा आवळा. दाब सेट करताना ट्रिगर दाबून धरायचा, कारण हवा वाहायला लागली की काटा थोडा उतरतोच. आणि नेहमी खालून वर यायचं. जास्त झाला तर आधी बराच कमी करा, मग चढवा.

एक गोष्ट विसरू नका. रेग्युलेटर म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह नव्हे. ती टाकीवरची कुकरची शिट्टी. तिची कडी आठवड्यातून एकदा ओढून बघा, आणि रोज संध्याकाळी टाकीखालचा कॉक उघडून पाणी सोडा. नाहीतर टाकी आतून गंजत जाते आणि बाहेरून काही कळत नाही.

हे सगळं चालू असताना काका एका पाटावर बसून नुसतं बघत होते. शेवटी विचारलं, "ह्या डब्ब्यानं काय होते?"

"काका, हवा कमीजास्त होत नाही. तो स्वतःच बघतो."

"आमचं बोट पण बघते," ते म्हणाले. "कुंचीवर दाब किती द्याचा ते त्याले कोनी सांगतलं?"

काय बोलणार? फीडबॅक लूपची याहून नेमकी व्याख्या मला कुठल्या प्राध्यापकाने दिली नव्हती.

पहिल्याच पावसाळी दुपारी वाटीत दोन बोटं पाणी जमलं. एवढं सगळं आधी मूर्तींवर जात होतं. पितांबराची छटा आता पहिल्या फवाऱ्यापासून एकसारखी येते. चाळीसपैकी एकही मूर्ती परत घासावी लागली नाही, आणि दोस्ताने पुढच्या वर्षासाठी माती सांगून ठेवली आहे. डोळ्यांची आखणी मात्र अजून काकाच करतात, सगळ्यात शेवटी, बारीक ब्रशने. त्या वेळी कॉम्प्रेसर बंद ठेवायचा, असा तिथला नियम आहे. त्या आवाजात हात हलतो म्हणे.