अनामत आणि अमानत

आमच्या वर्धा जिल्ह्यात शेतकऱ्याला कास्तकार म्हणतात. काश्त म्हणजे पेरणी. शब्द फारसी, पण कुणालाच परका वाटत नाही. पैशाचे शब्दही असेच घरचे झाले आहेत. जमा म्हणजे गोळा झालेले, खर्च म्हणजे बाहेर गेलेले, वसूल म्हणजे येऊन पोहोचलेले, रक्कम म्हणजे लिहिलेला आकडा. हे सारे मूळचे अरबी. रुपया मात्र संस्कृत 'रूप्य' म्हणजे चांदीवरून आला. या नावाचे चांदीचे नाणे शेरशाह सूरीने सोळाव्या शतकात पाडले. 'व्याज'ही संस्कृतच. तिथे त्याचा अर्थ बहाणा, कपट. शाळेत शिकलेली व्याजस्तुती आठवून पाहा.

जकात हा शब्द तर आमच्या घरात दोन अर्थांनी नांदला. अरबीत त्याचा अर्थ शुद्ध होणे, वाढणे. मराठीत मात्र नाक्यावर ट्रक थांबवून घेतला जाणारा कर. २०१७ साली जीएसटी आला आणि मुंबईतली जकात बंद झाली, तेव्हा अम्मी हसून म्हणाली, "आपली जकात तेवढी चालू राहू दे."

पण या शब्दांचे वजन कळले ते अब्बांच्या इंतकालानंतर. त्यांच्या वहीत हिंगणघाटच्या बाजारातल्या कापसाच्या चुकाऱ्याखाली एक ओळ होती: शेजारच्या मावशींची अनामत, १२,००० रुपये. ना पावती, ना साक्षीदार. मावशी मागायलाही आल्या नव्हत्या. जून तोंडावर होता, बियाण्याचे पैसे जुळत नव्हते. धाकटा भाऊ म्हणाला, "आधी वाटे करू, मग बघू."

आपा म्हणाली, "अनामत म्हणजे आपली अमानतच. मराठीत येताना अक्षरांनी जागा बदलली, जबाबदारीने नाही."

सूरह निसामध्ये वारसांचे वाटे सांगितले आहेत, पण ते वसीयत आणि कर्ज यांच्यानंतर. कर्ज तरी मयताच्या मालातून फेडायचे असते. अमानत तर त्याचा मालच नसतो. भाऊ गप्प झाला. त्याच संध्याकाळी तो स्वतः पैसे घेऊन मावशींकडे गेला. त्या वर्षी बियाणे उधारीवर आणले.

आता आमच्या घरी हिशेबाच्या वहीत 'आपले' आणि 'अमानत' अशी दोन पाने वेगळी असतात. भगिनींनो, भिशीचे असोत की कुणी विश्वासाने ठेवायला दिलेले असोत, असे पैसे तुमच्याकडेही असतील. ते कुणाचे, किती, हे आजच लिहा आणि मुलांना दाखवून ठेवा.