पावावरची चकाकी



लेकीच्या बाळंतपणासाठी दोन महिने लंडनला गेले होते. डिंक, हळीव, सुंठ, खारीक सगळं बांधून नेलं होतं. इंग्रजी मात्र शाळेत सोडलं तेवढंच होतं. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून. आता 2000 सालापासून आपल्याकडे पहिलीपासूनच शिकवतात. सासऱ्यांच्या ट्रंकेत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, ती मी फक्त धूळ झटकण्यापुरती हातात घेतलेली.

दुसऱ्या आठवड्यात जावई कामावर, लेक झोपलेली, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून काहीतरी आणायला मी एकटीच गेले. काचेत गोड पाव मांडले होते, वरून छान चकचकीत. विचारल्याशिवाय घ्यायचं नाही हे पक्कं ठरवलं होतं. म्हणून बोट दाखवून विचारलं, "धिस इज एग?" काउंटरवरची मुलगी हसली, म्हणाली, "नो, इट्स अ बन."

घेतला. घरी येऊन अर्धा खाल्लाही. लेक उठून आली आणि पाव बघून म्हणाली, "आई, ही चकाकी अंड्याची असते गं. भट्टीत घालायच्या आधी वरून अंडं फिरवतात. तू नेमकं काय विचारलंस?"

मी सांगितलं. ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "तू विचारलंस, हे अंडं आहे का? तिनं खरं तेच सांगितलं."

त्या दिवशी मी पुढे काही खाल्लं नाही. लेक म्हणत होती, आई, तू जाणूनबुजून नाही खाल्लंस. ते मला कळत होतं. पण चूक त्या पोरीची म्हणावी तर तिची नव्हती, आणि माझीही कुठे होती ते मला समजत नव्हतं. माझ्या आयुष्यभराच्या नियमाला एक क्रियापद कमी पडलं, एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू. बाळाला मांडीवर घेऊन लेक शिकवायची, मी ओट्याशी उभी. "डझ धिस हॅव एग?" मी म्हणायचे, "डझ धिस हॅज". तेव्हा मीच माझ्यापुरतं सोपं केलं: मीठ एकदाच घालायचं. 'डझ'मध्ये पडलं की पुढच्या 'हॅव'मध्ये पुन्हा नाही. मग नाही चुकले.

दुसरं, 'आय ॲम नॉट ईटिंग ओनियन' असं मी ऐटीत सांगत असे. लेक म्हणाली, याचा अर्थ आत्ता खात नाहीये, मघाशी खाल्ला असेल, उद्या खाशील. आपल्यालाही 'खात नाही' आणि 'खात नाहीये' यातला फरक कळतोच की! नियम सांगायचा तर 'आय डोन्ट ईट'. हे मला इतकं पटलं की पुन्हा विसरले नाही.

उच्चारांनी मात्र घाम काढला. लिहितात 'ओ' आणि म्हणायचं 'अन्यन', 'अव्हन'. 'कुक'ला ईडी लागलं की 'कुक्ट', 'फ्राय'ला 'फ्राइड', 'रोस्ट'ला 'रोस्टिड'. शेपटी एकच, आवाज तीन. मी चिडून म्हणाले, ही कसली भाषा? लेक म्हणाली, चूल म्हण, आता चहा म्हण. दोन्हीकडे 'च' एकच लिहितेस ना? माझी बोलती बंद!

आणि तो 'व'. एका ठिकाणी मी "वेज? वेज?" म्हणून विचारत राहिले, तर त्या माणसानं बटाट्याच्या तळलेल्या फोडी पुढे केल्या. त्यांना तिकडे 'वेजेस' म्हणतात. ज्या बाईनं उभ्या जन्मात बटाटा चिरला नाही, तिला! व्हेज म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, आणि त्या दुसऱ्या शब्दाला शिट्टीसारखे ओठ गोल करायचे. आरशासमोर हे करताना जावयांनी बघितलं, ती लाज वेगळीच.

तिथल्या बंद पाकिटांवर घटकांची यादी असते, तीत अंडं, दूध, मोहरी असे 14 त्रासदायक पदार्थ ठळक अक्षरांत छापावे लागतात. पण कांदा, लसूण, बटाटा त्या 14 मध्ये नाहीत. म्हणजे यादी पूर्ण वाचायचीच. आणि काचेतल्या सुट्या पदार्थांबद्दल तोंडानं विचारायचं.

निघायच्या आठवड्यात पुन्हा त्याच दुकानात गेले. तीच मुलगी. छातीत धडधडत होतं, मनात णमोकार चालू. "एक्सक्यूज मी, डझ धिस हॅव एनी एग इन इट?" ती भराभर काहीतरी बोलली. मी म्हणाले, "स्लोली, प्लीज." तशी ती आत गेली, कुणाला तरी विचारून आली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "यस. ऑन द टॉप."

मी "थँक यू" म्हणाले आणि रिकामी पिशवी घेऊन घरी आले. लेकीनं दारातच विचारलं, "काय आणलंस?"

"काही नाही," मी म्हणाले, आणि शिऱ्याला रवा भाजायला घेतला.